‘ताई, माझी मेथी का मेली?’ : नवख्या ग्राहकांसाठी प्रश्नोत्तरं लिहायची कशी



चॅनलवर हल्ली एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते. “ग्रुप सुरू केला, माणसं जमली, पण आता उत्तरं देण्यातच दिवस जातो. धंदा कधी करायचा?” कुणी क्रोशाचं सामान विकतं, कुणी केकचं साहित्य, कुणी रोपं आणि खत. गाडी मात्र सगळ्यांची एकाच जागी अडते. छंदाचा व्यवसाय म्हटला की वस्तू विकून काम संपत नाही, ती वापरायला शिकवावं लागतं. आणि शिकवताना तेच दहा-बारा प्रश्न रोज नव्या माणसाकडून येतात.

यावर उपाय म्हणून लोक ‘एफएक्यू’ करायला घेतात. मराठीत ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’. हे नाव ऐकूनच सरकारी कचेरीची खिडकी आठवते, तर आपण त्याला नुसतं ‘प्रश्नोत्तरं’ म्हणू. बहुतेकांची प्रश्नोत्तरं एका दुपारी लिहून होतात, पीडीएफ बनते, ग्रुपवर पडते आणि पुढच्या सकाळी पुन्हा मेसेज येतो, “दादा, पाणी किती घालायचं?”

आज आपण एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ: गच्चीवरची आणि बाल्कनीतली बाग. समजा तुम्ही रोपं, बिया, कोकोपीट आणि कंपोस्ट विकता. तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात तीनशे माणसं आहेत आणि त्यातली निम्मी गेल्या सहा महिन्यांत आलेली आहेत.

आधी हिशेब करा

रोज वीस प्रश्न येतात असं धरू. एकेका उत्तराला चार मिनिटं. म्हणजे ऐंशी मिनिटं, रोज. महिन्याचे चाळीस तास. एवढ्या वेळात किती ऑर्डर पॅक होतील ते तुम्हीच मोजा.

पण वेळेपेक्षा मोठं नुकसान दुसरीकडे होतं. नवखा माणूस धणे पेरतो. पाचव्या दिवशी काहीच दिसत नाही म्हणून माती उकरून बघतो आणि ग्रुपवर लिहितो, “बी खराब निघालं.” खरं तर धण्याला उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. मेथी तीन ते पाच दिवसांत वर येते. त्याने दोन्ही एकाच दिवशी पेरलं, म्हणून त्याला धणे फसवे वाटले. तुमचं बी चांगलं होतं, तरी बदनामी तुमची झाली आणि ती तीनशे लोकांसमोर झाली. पाकिटासोबत “धणे पेरण्याआधी हलकेच रगडून दोन फाकी करा आणि बारा दिवस थांबा” एवढी एक ओळ गेली असती तर हे टळलं असतं.

आणि जो ग्रुपवर लिहितही नाही त्याचं काय? त्याची मेथी आडवी पडते, तो मनाशी म्हणतो, “आपल्या हाताला गुण नाही,” आणि कुंडी जिन्याखाली जाते. हा ग्राहक भांडत नाही, पैसे परत मागत नाही. तो फक्त पुन्हा येत नाही. प्रश्नोत्तरं खरी त्याच्यासाठी लिहायची असतात.

प्रश्न तुमच्या डोक्यातून काढू नका

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. आपण खुर्चीवर बसतो आणि “लोकांना काय माहीत असायला हवं” याची यादी करतो. मग पहिला प्रश्न होतो ‘सेंद्रिय बागकामाचे फायदे कोणते?’ हा प्रश्न आजवर एकाही माणसाने विचारलेला नसतो.

एक महिना थांबा. ग्रुपवर, फोनवर, दुकानात, स्टॉलवर जो प्रश्न येईल तो त्याच शब्दांत वहीत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट एक्स्पोर्ट करायची सोय आहे, तिने जुने मेसेजही बाहेर काढता येतात. तोच प्रश्न पुन्हा आला की पुढे एक रेघ मारा. महिनाअखेरीस ज्यांच्यापुढे जास्त रेघा आहेत ते बारा-पंधरा प्रश्न घ्या, बाकीचे सोडा.

‘त्याच शब्दांत’ हे मी मुद्दाम म्हणतोय. तुम्ही म्हणता ‘मिलीबग’, कृषी विभाग म्हणतो ‘पिठ्या ढेकूण’, आणि नवखा माणूस लिहितो, “जास्वंदीला पांढरं कापसासारखं काहीतरी लागलंय.” तुमच्या यादीत मथळा ‘मिलीबगचे नियंत्रण’ असा असेल तर त्या बिचाऱ्याला आपलं उत्तर समोर असूनही ओळखू येणार नाही. रोगाचं नाव माहीत असतं तर त्याने विचारलंच कशाला असतं! मथळा त्याच्या शब्दांत द्या, किडीचं नाव उत्तरात सांगा. म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतःच म्हणेल, “पिठ्या ढेकूण आलाय.”

बाकी छंदांतही असंच. केकवाल्यांनो, तुमच्याकडे पहिला प्रश्न ‘ओव्हन नाही, कुकरमध्ये होईल का?’ हा असतो, ‘बेकिंगची मूलतत्त्वे’ नव्हे. माशांच्या टाक्या विकणाऱ्यांकडे ‘चार दिवसांत मासे मेले’ हा. त्याचं उत्तर असतं की नवी टाकी पहिल्याच दिवशी माशांनी भरायची नाही. पाण्यात उपयोगी जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. हे विक्रीच्या आधी सांगितलं तर त्या दिवशी मासे कमी विकले जातील, पण गिऱ्हाईक टिकेल.

‘परिस्थितीनुसार’ हा शब्द खोडा

आता उत्तरांकडे. बागकामातला पहिल्या नंबरचा प्रश्न आहे, “पाणी किती आणि कधी घालायचं?” जाणकार माणूस प्रामाणिक असतो, म्हणून तो सांगतो, “ते झाडावर, कुंडीवर, हवामानावर अवलंबून आहे.” उत्तर शंभर टक्के खरं, आणि नवख्याच्या काडीच्या उपयोगाचं नाही. तो तुमच्याकडे आला कारण त्याला परिस्थिती वाचताच येत नाही.

मग उलट टोक गाठायचं का? “रोज एक तांब्या”? हे आणखी वाईट. जुलैत रोज एक तांब्या घातला तर मुळं कुजतील आणि मे महिन्यात तेवढ्याने झाड दुपारी मान टाकेल. कुंडीतली झाडं कमी पाण्यापेक्षा जास्त पाण्याने अधिक मरतात, हे कुठल्याही नर्सरीवाल्याला विचारा.

नवख्याला द्यायचा असतो एक सुरुवातीचा आकडा आणि एक चाचणी. असं लिहून बघा:

“मातीत बोट दोन पेरं आत घाला. ओलं लागलं, माती बोटाला चिकटली तर आज पाणी नको. कोरडं लागलं तर कुंडीच्या तळाच्या भोकातून थेंब येईपर्यंत घाला. उन्हाळ्यात बहुतेक रोज लागेल, थंडीत दोन-तीन दिवसांआड, पावसात उघड्यावरच्या कुंडीला बहुधा लागणारच नाही. खाली बशी ठेवली असेल तर साचलेलं पाणी ओतून द्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.”

बघा, यात ‘अवलंबून आहे’ कुठेच नाही, तरीही परिस्थिती सगळी आली. आधी काय करायचं ते, मग का करायचं ते. घाईतल्या माणसाने पहिली दोन वाक्यं वाचली तरी झाड वाचतं.

उन्हाचा प्रश्नही असाच. “भरपूर ऊन हवं” म्हणजे किती? टोमॅटो, मिरची, वांगी अशा फळभाज्यांना रोज साधारण सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवून नेतात. इथपर्यंत सगळेच सांगतात. पण आपल्याकडे बाल्कनीची दिशा आणि महिना यांची एक गंमत आहे, ती कुणी सांगत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतपर्यंत येतं. मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर असतो, वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवतो आणि त्याच बाल्कनीत ऊन फक्त कठड्यापाशी राहतं. हिवाळ्यात टोमॅटो घेतलेला माणूस एप्रिल-मेमध्ये म्हणतो, “तेच खत, तेच पाणी, मग फुलं का नाहीत?” म्हणून उत्तरात लिहा: “आज सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता कुंडीच्या जागेचा फोटो काढा. ऊन कुठे पडतं ते आपोआप दिसेल.” हे फोटो ग्रुपवर आले की तुम्हालाही त्या घराला काय विकावं आणि काय विकू नये ते कळतं.

एक प्रश्न, चार उत्तरं

“पानं पिवळी पडतायत” हा प्रश्न म्हणजे डॉक्टरकडे जाऊन “बरं वाटत नाही” म्हणण्यासारखा आहे. बरेच विक्रेते इथे सरळ एक खताची पुडी पुढे करतात. पुडी खपते, झाड मरतं.

इथे नवख्याला स्वतः बघायला शिकवा. फक्त खालची एक-दोन जुनी पानं पिवळी आहेत आणि शेंड्याला नवी पालवी जोमदार आहे? काळजी नको, पान म्हातारं झालं. सगळं झाड मलूल आणि माती चिकचिकीत ओली? पाणी थांबवा, तळाचं भोक बुजलंय का ते बघा. कोवळी पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या? लोहाची कमतरता असण्याची शक्यता आहे, फोटो पाठवा. आणि रोप आणून आठवडाही झाला नसेल तर त्याला नर्सरीच्या सावलीतून तुमच्या उन्हात आल्याचा धक्का बसलाय. पाच-सात दिवस हलक्या सावलीत ठेवा आणि लगेच कुंडी बदलू नका.

या चारांपैकी तीन उत्तरांत तुमची विक्री शून्य आहे. मला विचाराल तर याच तीन उत्तरांवर धंदा उभा राहतो. ज्या दुकानदाराने “काही घेऊ नका, पाणी कमी करा” असं सांगितलं, त्याच्याकडूनच माणूस पुढच्या वेळी पाच किलोची कोकोपीटची वीट डोळे झाकून घेतो. विक्री करायचीच तर उत्तराच्या शेवटी एक ओळ पुरे, आणि तिच्यासोबत फुकटचा पर्यायही द्या: “कंपोस्ट आमच्याकडे मिळेल, घरी ओल्या कचऱ्यापासून करायचं असेल तर प्रश्न 9 बघा.” ज्याला घरी करायचंय तो तुमचं खत तसंही घेणार नव्हता. त्याला बिया मात्र लागतीलच.

घरच्या कंपोस्टवरून आठवलं. “बादलीला वास येतोय, फेकून देऊ का?” हा प्रश्न तुमच्याकडे असणारच. वास म्हणजे ओलं जास्त झालं, हवा कमी पडली. सुका पालापाचोळा किंवा कोकोपीट मिसळून हलवा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरायचं नाही, काम चालू आहे. एवढंच लिहा. जिवाणूंवर निबंध नको.

जिथे उत्तर द्यायचं नाही तिथे तसं लिहा

काही प्रश्नांची उत्तरं तुमच्या अखत्यारीतली नाहीत. “गच्चीवर किती ड्रम ठेवू?” बघा, चाळीस लिटरचा ड्रम ओल्या मातीने भरला तर वजन साठ किलोच्या घरात जातं. असे वीस ड्रम म्हणजे बारा क्विंटल. जुन्या इमारतीचा स्लॅब हे पेलेल की नाही हे तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून सांगूच शकत नाही. उत्तर असं लिहा: “स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सोसायटीची लेखी परवानगी घ्या. तोवर मातीत कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त घालून कुंड्या हलक्या ठेवा आणि गच्चीच्या मधोमध न ठेवता कडेने, तुळईच्या वर मांडा.”

कीटकनाशकाचं प्रमाणही तसंच. डब्यावरच्या लेबलवर आहे तेच, आपल्या मनाचं नाही. कडुलिंबाचं तेल द्यायचं तर एक लिटर पाण्यात पाच मिली, सोबत लिक्विड सोपचे चार थेंब, फवारणी संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा, हे सांगायला हरकत नाही. तेही आधी एका फांदीवर करून बघायला सांगा.

आणि एक प्रश्न कुणी विचारला नसला तरी यादीत घाला: घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर कुठली झाडं हाताशी ठेवू नयेत? कण्हेर विषारी आहे. डिफेनबेकियाचं पान चावलं तर तोंड सुजतं. ही रोपं तुम्ही विकत असाल तर हे सांगणं तुमचं कामच आहे. खाल्लंच कुणी, तर ग्रुपवर विचारत बसू नका, डॉक्टरकडे न्या, असं ठळक लिहा.

जुन्या मंडळींचा सूर

एफएक्यू ही चीज मुळात आली कुठून, माहीत आहे? 1980 च्या दशकात अमेरिकेत नासाशी संबंधित अवकाशविषयक मेलिंग लिस्टवर नवे लोक तेच ते प्रश्न विचारायचे, जुने लोक वैतागायचे, मग ठरावीक काळाने उत्तरांची यादी पाठवायची पद्धत पडली. म्हणजे जाणकारांच्या वैतागातून जन्मलेली ही गोष्ट आहे, आणि तो वैताग आजही तिच्या भाषेत डोकावतो. “आधी यादी वाचा, मग विचारा.” “वर स्क्रोल करा.”

तुमच्या ग्रुपवरही दोन-तीन काका-काकू असे असतात. त्यांची गच्ची बघण्यासारखी असते, ज्ञान अफाट असतं, पण नव्या मुलीने “माती कुठून आणू?” विचारलं की लगेच, “हे शंभरदा झालंय.” ती मुलगी पुन्हा काही विचारत नाही. तिच्यासोबत गप्प बसून वाचणारे दहा जणही विचारत नाहीत.

या काकांना दुखवू नका, कामाला लावा. आपल्याकडे याचा सुंदर नमुना आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, त्यात शेतकरी, विशेषतः द्राक्ष बागायतदार, आपापल्या प्रयोगांचे अनुभव एकमेकांना कळवायचे. ज्याने करून बघितलं तो सांगणार, असा तो मामला. तुम्ही तेच करा. मिरचीचं उत्तर ज्या काकूंची मिरची बहरते त्यांच्याकडून घ्या, त्यांच्या परवानगीने खाली त्यांचं नाव द्या. आपल्या नावाचं उत्तर असलं की त्या स्वतःच नव्यांना प्रेमाने सांगतील, “अगं, प्रश्न 4 बघ, मी लिहिलाय.” सूर बदलतो तो असा.

ठेवायचं कुठे

चौदा पानी पीडीएफ करू नका. मातीचे हात घेऊन कुणी ती डाउनलोड करून, बोटांनी मोठी करून वाचत नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हा स्वतंत्र मेसेज ठेवा, सात-आठ ओळींचा. त्याला नंबर द्या, खाली तुमच्या व्यवसायाचं नाव आणि महिना लिहा, कारण चांगलं उत्तर दहा ग्रुपवर फॉरवर्ड होतं आणि नाव नसेल तर तुमचं राहत नाही. नुसत्या प्रश्नांची नंबरवार यादी ग्रुपवर पिन करा. पिन तीस दिवसांपर्यंतच राहतो, म्हणून महिन्याच्या एक तारखेचा रिमाइंडर लावून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’ आहे, त्यात ही उत्तरं साठवली की तिरकी रेघ आणि एक शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर येतं. कुणी विचारलं तर यादीकडे बोट दाखवू नका. उत्तरच पाठवा आणि वर त्याच्या नावाने एक ओळ लिहा. “सुनीताताई, तुमचा फोटो बघितला, माती फार ओली दिसतेय, हे वाचा” यात आणि नुसतं कोरडं उत्तर चिकटवण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बोट मातीत घालायची चाचणी, धणे रगडणं, कुंडीतून रोप न तोडता काढणं, या तीन गोष्टी मात्र लिहून नीट कळत नाहीत. त्यांचे अर्ध्या-एक मिनिटाचे व्हिडिओ करा. मोबाइल पुरे, संगीत नको.

ग्रुपवर टाकण्याआधी एक परीक्षा घ्या. जिने आयुष्यात झाड लावलेलं नाही अशी घरातली किंवा शेजारची व्यक्ती गाठा. तिच्या हातात फोन द्या आणि म्हणा, “तुझी मेथी उगवली, पण देठ जमिनीपाशी बारीक होऊन रोपं आडवी पडतायत. काय करशील ते यातून शोध.” मग तुम्ही गप्प बसा. अजिबात मदत करायची नाही. ती कुठे अडखळते, कुठला शब्द दोनदा वाचते, कुठे चुकीच्या प्रश्नावर जाते ते वहीत टिपा. रोपं कोलमडण्याचं उत्तर (बी फार दाट पेरलं, पाणी जास्त झालं, वारा लागत नाही, विरळ करा, वरची माती सुकू द्या, पुढच्या वेळी बियांमध्ये अंतर ठेवा) तिला मिनिटभरात सापडलं नाही, तर मथळा बदला. अशा तीन माणसांवर परीक्षा घेतली तरी निम्मे दोष निघून जातात.

आणि ही यादी वर्षभर एकच ठेवू नका. जूनमध्ये वर यायला हवेत पाण्याचा निचरा आणि बुरशीचे प्रश्न, ऑक्टोबरात हिवाळी भाज्यांची पेरणी, मार्चपासून हिरवी जाळी आणि दुपारच्या उन्हाचे. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर जाते, हे मार्चच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं तर सल्ला होतो, एप्रिलच्या शेवटी सांगितलं तर सबब वाटते. वही बंद करू नका. ज्या प्रश्नासमोर तीन महिने एकही रेघ पडली नाही तो खाली सरकवा, नवा आला तो वर घ्या.

तुमचा छंद कुठलाही असो, या महिन्यात वहीत सगळ्यात जास्त रेघा कुठल्या प्रश्नापुढे पडल्या तो एकच प्रश्न आणि तुम्ही लिहिलेलं उत्तर व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यातली पाच उत्तरं घेऊन आपण ती ओळीओळीने दुरुस्त करू.